मामांच्या माश्या

अख्ख्या मुखेड तालुक्यात आमच्या हिच्या मामांइतका माणूसघाणा आणि माशीवेडा गृहस्थ दुसरा सापडायचा नाही. निवृत्त झाल्यावर लोक देवाला लागतात, हे मधमाश्यांना लागले. बांधावर बाभळीखाली त्यांनी पेट्या मांडल्या आणि घरातली सगळी माया तिकडे वळवली. थंडीत पेट्यांवर गोणपाट घालता घालता एकदा मामींची गोधडीही तिकडे गेली. ‘आन म्या काय पांघरू?’ मामी म्हणाल्या. ‘तुला चुलीपाशी बसता येतं. त्येंला येतं का?’ फुलं कमी झाली की माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. त्या दिवसांत पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा मिळे. मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, ‘तुमच्यासाठी पोहे हायेत, जावईबापू. त्या उपाशी हायेत.’ मधमाशी वाचवा म्हणून भाषण द्यायला आलेल्या एका साहेबांना फोटो काढायचा होता. माश्या बिथरवणारं अत्तर लावून आल्याबद्दल मामांनी त्यांना बांधावरूनच परत पाठवलं. साहेबांचा फोटो शेवटी दुसऱ्याच कुणाच्या बैलाशेजारी निघाला.

गेल्या माघात मात्र मामांची खरी परीक्षा झाली. शेजारचं शेत चुलतभावाचं. बांधावरून बिनसल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. भावाच्या करडईवर माव्याची कीड पडली होती आणि सकाळी तो औषध फवारणार होता. फुलोरा ऐन भरात, मामांच्या सगळ्या माश्या त्याच फुलांवर. मामांनी अंगणात येरझारा घातल्या, भावाला यथेच्छ शिव्या दिल्या आणि मग टोपी घालून मला म्हणाले, ‘चला.’

भाऊ ओसरीवर बसला होता. मामांनी चक्क हात जोडले. ‘सकाळी नको, दिवेलागणीला फवार. तवर माश्या पेटीत येत्यात.’

‘पोरीच्या लग्नाला आला न्हाईस दादा, आन माश्यांसाठी आलास व्हय?’

‘लग्नात कुणी मरणार नव्हतं,’ मामा म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. पण भावाच्या बायकोला आतून हसू फुटलं, मग भावालाही. ‘बस. च्या घे,’ तो म्हणाला. फवारणी संध्याकाळी झाली. मामांनी पेट्यांची दारं बंद केली आणि दुसरा दिवसभर माश्यांना आतच पाक पाजला. तिन्हीसांजेला भाऊ स्वतः बांधावर आला. ‘जित्या हायेत का?’

‘हायेत,’ मामा म्हणाले. एवढंच. पण बसायला स्वतःचं पोतं सरकवलं.

कडुनिंब फुलला तेव्हा माश्या इतक्या वाढल्या, की सगळ्यात भरलेल्या पेटीतल्या निम्म्या माश्या जुन्या राणीला घेऊन उठल्या. माश्या खाली बसाव्यात म्हणून मामींनी ताट बडवलं, मामा धोतर सावरत धावले; पण तो काळा ढग विहिरीवरून पुढे निघून गेला.

‘एवढं केलंत, आणि गेल्या,’ मी म्हणालो.

‘जगल्या म्हून गेल्या, जावईबापू. मेल्या असत्या तर हितंच ऱ्हायल्या असत्या.’

मग मामा खाली बसले आणि मागे राहिलेल्या माश्यांच्या पेटीला त्यांनी कान लावला. जेवण निवत होतं, तरी मामींनी हाक मारली नाही.