गोजरीला आलेले फोन

आश्रुबा हा बोलणारा माणूस नव्हता. गावच्या दूध सोसायटीत त्याने बावीस वर्षं माप धरलं, पण त्या काळात "सहा लिटर" आणि "फॅट कमी लागली" यापलीकडे त्याच्या तोंडून फारसं काही कुणाच्या कानावर पडलं नाही. फक्त एका बाबतीत तो न विचारता बोलायचा. पावसाने ताण दिला की दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला बजावायचा, "कवळी ज्वारी टाकू नका बरं जनावरापुढं. किरळ लागंल." पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीत विष धरतं, ते पोटात गेलं की जनावर घटकाभरात आडवं होतं, हे नेकनूरकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी आश्रुबा सांगायचा. लोक मागे हसायचे, की याला एवढं एकच वाक्य येतं.

घरातही तीच तऱ्हा. भिवराबाईशी लग्न होऊन एकोणचाळीस वर्षं झाली. भांडण म्हणून नाही, मारहाण म्हणून नाही, पण बोलणं म्हणाल तर "भाकर वाढ" आणि "लाईट आली" एवढ्यावर सगळा संसार निभला होता. भिवराबाई मात्र मुकी नव्हती. ती म्हशीशी बोलायची.

म्हशीचं नाव गोजरी. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नसे आणि भिवराबाई चार शब्द बोलल्याशिवाय पान्हा सोडत नसे. मग रोज पहाटे सुरू व्हायचं, "झोप झाली का माझ्या बायेची? पाय दुखायलेत का? पाणी पिलीस का?" तिचा आवाज ऐकला की गोजरी एक हलकं रेकायची, आणि मग दूध. आश्रुबा चहाची कपबशी घेऊन तेवढ्या वेळापुरता गोठ्याच्या दारात येऊन बसायचा. चहा ओट्यावरही पिता आला असता. पण बसायचा तिथेच, आणि का बसतो हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

एकोणीस सालच्या दुष्काळात गावातल्या दुधाने तळ गाठला. चारशे लिटरचं संकलन चाळीसवर आलं. माळावर जनावरांची चारा छावणी उघडली आणि गोजरीची दावण तिथे हलली. छावणीचा नियम असा, की जनावरापाशी घरचं एक माणूस पाहिजेच. हजेरीला माणूस नसेल तर चारा नाही. म्हणून त्यांची मुलगी सरस्वती पुण्याहून चार तिकिटं काढून आली, तेव्हा आश्रुबाने नकाराची मान हलवली.

"नाना, मोठी बोट आहे," सरस्वती म्हणाली, "मुंबईहून निघायचं, गोवा, कोची, लक्षद्वीप. सहा दिवस. खाणं-पिणं-झोपणं सगळं बोटीवर. तुम्ही दोघंही चला ना."

"जनावर कुनावर टाकू?" आश्रुबा म्हणाला. "तुझ्या आईला ने."

भिवराबाई तयारच होईना. बीड जिल्ह्याबाहेर ती गेली होती ती कोयता हातात घेऊनच. अकरा हंगाम ऊस तोडला, तिकडेच पालात सरस्वती झाली. पुढे सोसायटीने म्हैस दिली तेव्हा कुठे कोयता सुटला. सहल म्हणून, हात हलवत, ती कधी कुठे गेलीच नव्हती. शेवटी एका अटीवर कबूल झाली. "रोज सकाळी मला गोजरीशी बोलू द्यायचं. न्हाईतर ती दूध चोरंल."

जावई हसले, पण अट मान्य झाली. बोटीवर फोन लागत नाही, पैसे भरले तर बोटीचं इंटरनेट मिळतं, त्यावर आवाज जातो, चेहरा दिसत नाही. हे सगळं सरस्वतीने वडलांना समजावलं. एक जुना स्मार्टफोन त्यांच्या हवाली केला. वाजला की हिरवं बटण सरकवायचं, एवढं त्यांच्याकडून दहा वेळा करून घेतलं.

पहिल्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. आश्रुबाने तो गोजरीच्या कानाला धरला. आतून आवाज आला, "बाये माझे!" गोजरीने कान टवकारले, इकडेतिकडे पाहिलं आणि रेकली. छावणीतले लोक गोळा झाले. गाढवापुढे गीता ऐकली होती, म्हशीला फोन आलेला पहिल्यांदाच पाहिला, असं जो तो म्हणू लागला. आश्रुबा लाजून गोरामोरा झाला, पण हात हलू दिला नाही. गोजरीने पान्हा सोडला, आणि तो आवाज चालू असेतोवर शेजारच्या दावणीच्या वच्छलाबाईने हसत हसत धार काढून दिली.

दुसऱ्या दिवशी भिवराबाईने म्हशीचं झाल्यावर नवऱ्याला विचारलं, "चारा काय घालायलेत?"

"ऊस. दुसरं काय."

"महिना झाला नुसता ऊस खायली बिचारी. तोंड आलं आसंल तिचं. काई हिरवं मिळालं तर बघा की."

आश्रुबा "बघतो" म्हणाला आणि खरंच बघायला गेला. असं काही ती फारसं मागायची नाही. ओढ्याच्या कडेला एका टँकरच्या विहिरीपाशी सांडपाणी जिरायचं, तिथे ज्वारीच्या खुंटांना फूट आली होती. हिरवीगार, गुडघ्याच्या वर. गुडघ्याच्या वर गेली म्हणजे भ्यायचं कारण नाही, असा हिशेब त्याने मनात केला. चांगल्या पावसाच्या सालचा हिशेब तो. दुष्काळात खुंटाची फूट उंच झाली तरी ती कवळीच, तिच्यातलं विष उतरत नाही, हे त्यानेच बावीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. पण माणूस कौतुकाच्या भरात असला की त्याची अक्कल चरायला जाते. उपरण्यात भारा बांधून त्याने आणला, आणि गोजरीने तो मिटक्या मारत खाल्ला.

अर्ध्या तासात तिच्या तोंडाला फेस आला. डॉक्टर इंजेक्शन घेऊन पोचले तोवर ती मरून पडली होती. आश्रुबा तिची मान मांडीवर घेऊन बसला होता. त्याला कुणी काही बोललं नाही. त्याच्या तोंडचं ते एकुलतं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं, आणि त्यामुळेच त्याच्याकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी वच्छलाबाई म्हणाली, "भाऊ, वहिनीला सांगावं लागंल."

"सांगून काय करंल ती? समुद्रातून येईल का?" आश्रुबा म्हणाला. मग गोजरीचं रिकामं दावं गुंडाळत म्हणाला, "हिरवं घाला म्हनून तिनंच सांगितलं व्हतं."

त्याच्या जिवाला घोर तो हाच होता. म्हैस मेल्याचं फोनवरून सांगितलं, की भिवराबाईचे उरलेले दिवस मातीत जाणार. जन्मात एकदा तिचे हात रिकामे झाले होते. आणि ती दोष देणार तो स्वतःला देणार. ज्याच्या हातून घडलं तो इथे, आणि तिकडे पाण्यात ती रडत बसणार. ती परत येईपर्यंत तिला कळता कामा नये आणि आल्यावर आपल्याच तोंडाने सांगायचं, असं त्याने ठरवलं. पहिलं कसं जमेल हे त्याला कळत नव्हतं, आणि दुसरं आपल्याला जमेल याची खात्री नव्हती.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा त्याने वच्छलाबाईच्या म्हशीच्या कानाला तो धरला. म्हैस आपली उसाच्या शेंड्यांची वाढं चघळत राहिली.

"बाये माझे," भिवराबाईचा आवाज आला. मग ती थांबली. आश्रुबाला वाटलं, रेंज गेली.

"आयकायलीस का?" ती पुन्हा म्हणाली. "आज गुमान हाईस. बरं न्हाई का?"

"उसाची वाढं खायली," आश्रुबा फोनमध्ये ओरडला. "तोंड भरलंय तिचं."

"बरं," भिवराबाई म्हणाली. आणि मग तिने म्हशीशी रोजच्यापेक्षा जास्त वेळ गप्पा मारल्या. इथे सगळीकडे पाणी आहे बाये, पण एक घोट पिता येत नाही, आपल्या दुष्काळासारखाच दुष्काळ, नुसता दिसायला ओला. सरू बळंच खुर्चीत बसवते. मला बसायचं कसं ते ठाऊक नाही, सारखी उठते. उन्हात उभी राहू नकोस. पाय दुखत असले तर आडवी हो.

आश्रुबाचे पाय दुखत होते. म्हैस खाली बसली तसा तोही बसला.

चौथ्या दिवशी बोट कोचीला धक्क्याला लागली आणि सरस्वतीचा निरोप आला, की आज चांगली रेंज आहे, आईला गोजरी बघायची आहे. आश्रुबाची गाळण उडाली. वच्छलाबाईच्या म्हशीच्या कपाळावर ठिपका कुठून आणणार? मग त्याने खिशातून तंबाखूची डबी काढली आणि अंगठ्याने चुन्याचा एक गोल तिच्या कपाळावर ओढला. वच्छलाबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"खोट्याला पाय नसतेत, भाऊ."

"दोन दिस चाललं तरी बास," आश्रुबा म्हणाला.

हिरवं बटण सरकवताना आधी त्याचाच चेहरा पडद्यावर आला, मग त्याने फोन म्हशीच्या एवढा जवळ धरला, की पडद्यावर एक डोळा, थोडी नाकपुडी आणि तो ठिपका एवढंच मावलं. पलीकडे भिवराबाई डोक्यावरचा पदर वाऱ्यात धरून उभी होती. मागे निळं पाणी. ती बराच वेळ बघत राहिली. म्हशीने कान झटकला, मान हलवली, आणि चुन्याचा ओघळ नाकापर्यंत आला.

"वाळली गं माझी बाय," भिवराबाई एवढंच म्हणाली. "डोळे खोल गेलेत."

म्हैस वाळलेली नव्हती. वच्छलाबाईची म्हैस चांगली भरलेली होती, आणि हे भिवराबाईच्या ध्यानात आलं नाही याचं आश्रुबाला बरं वाटलं.

पाचव्या दिवशी पुन्हा नुसता आवाज. भिवराबाई हळू बोलत होती, आणि आश्रुबाला फोन म्हशीपेक्षा आपल्याच कानाजवळ धरावा लागला. "आज जेवलीस का? एकटीला घास जात नसंल, तरी दोन घास घालावे पोटात. झालेल्या गोष्टीचा घोर लावून घेऊ नकोस बाये. मी येतेच हाय."

म्हशीला दोन घास? आश्रुबाला जरा नवल वाटलं. पण गोजरी गेल्यापासून त्याने धड भाकर मोडली नव्हती, आणि त्या दिवशी वच्छलाबाईने पुढे केलेली ठेचा-भाकर त्याने नको म्हटली नाही. म्हशीला केलेलं बोलणं कानावर पडलं तरी भूक लागते, याचा त्याला आश्चर्याहून संकोच जास्त वाटला. सहाव्या दिवशी तर तो पावणेआठपासूनच फोन हातात घेऊन बसला.

आठव्या दिवशी दुपारी नेकनूरच्या स्टँडवर तो उन्हात उभा होता. सांगायचं वाक्य त्याने घोकलं होतं. गोजरी गेली, माझ्या हातानं गेली, तुझा काई दोष न्हाई. एवढं मोठं वाक्य त्याने बायकोला कधी ऐकवलं नव्हतं. एसटी आली. भिवराबाई उतरली, पायात नवी चप्पल, हातात पिशवी. चेहरा काळवंडला होता, पण थकवा नव्हता.

"छावणीत…" आश्रुबाने सुरुवात केली.

"तिथं काय हाय आता?" भिवराबाई म्हणाली. "घरी चला."

तो जागचा हलेना. मग एकदम म्हणाला, "कवळी ज्वारी घातली मी. माझ्या हातानं घातली. गुडघ्याच्या वर व्हती म्हनून…"

भिवराबाईने पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले. गोजरीसाठी ती रडली, तिथेच, बाकड्याजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मग म्हणाली, "हिरवं घाला मीच म्हनलेली. तुमी एकट्यानं काहून घेता अंगावर? दोघांच्या हातानं गेली म्हना."

"तुला कवा कळलं?"

"तिसऱ्या दिशीच. माझा आवाज आयकून गोजरी गप ऱ्हाईल व्हय? सरूला बी सांगितलं न्हाई मी. पोरीनं एवढी हौस केलती."

आश्रुबाने हिशेब केला. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. "मग चार दिस वच्छलाबाईच्या म्हशीसंगं काहून बोललीस?"

भिवराबाईने त्याच्याकडे पाहिलं. लाजल्यासारखी झाली, आणि मग बोलायचंच ठरवून आल्यासारखी बोलली.

"म्हशीसंगं कुठं बोलत व्हते? फोन धरून कोन उभं व्हतं तिथं?"

एसटी धूळ उडवत निघून गेली. आश्रुबाने तिच्या हातातली पिशवी घेतली. दोघं रस्त्याला लागली. पन्नास-एक पावलं तो नेहमीसारखा पुढे चालला, मग थांबला, ती बरोबरीला येईपर्यंत.

"जेवलो मी," तो म्हणाला. "पाचव्या दिसापासून रोज जेवलो."