पोस्टरची खालची चार बोटं

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या गावच्या नाटकाचं जुनं पोस्टर बाबांनी पत्र्याच्या पेटीत जपलं होतं. सुकापूरच्या नवीन घरात लावायचं म्हणून पनवेलच्या एका दुकानात फ्रेम करायला दिलं. आज दुपारी आणायला गेलो, तर खालची चार बोटांची पट्टी गायब.

मालक शांतपणे म्हणाला, "तयार फ्रेममध्ये बसत नव्हतं, म्हणून थोडं कापलं. हिरो-हिरोईन पूर्ण आलेत ना? खाली पडदा ओढणाऱ्याचं वगैरे नाव होतं."

तो पडदा ओढणारा म्हणजे माझे बाबा.

कापलेली पट्टी मागितली, तर ती म्हणे सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेली. वर मलाच सुनावलं, "आधी सांगायचं ना." दुसऱ्याचा कागद कापू नये, हे सांगावं लागतं?

घरी बाबांनी चष्मा लावला. एकेका नावावर बोट ठेवत वरून खाली वाचत आले. बोट लाकडावर थांबलं.

"माजं नाय," एवढंच म्हणाले.

त्या दुकानाच्या पाटीवर सगळ्यात खाली प्रोप्रायटर म्हणून मालकाचं नाव आहे. उद्या जाऊन विचारणार आहे, तेवढी चार बोटं कापली तर चालेल का. कोण येतंय सोबत?