पूजेतली नखाएवढी काच

झेंडूचा वास आला की खंडेनवमीची ती सकाळ आठवते. मुलगी प्रयोगशाळेतून नगरच्या घरी आली होती, सोबत नखाएवढी मोरपंखी काच. "बाबा, हिच्यावरच्या सूक्ष्म खाचांत प्रकाश अडकतो आणि पदार्थात असा मिसळतो, की दोघं वेगळे काढता येत नाहीत." ती अंघोळीला गेली, तेव्हा लेकीचंही हत्यार पूजेला हवं म्हणून तिच्या आईने माझ्या रेल्वेतल्या पाना-पकडीशेजारी ती काच मांडून ओलं हळदकुंकू लावलं. मुलगी येऊन बघतच राहिली. "खाचा भरल्या, आई. वर्षाचं काम होतं." "अगं, पुसून देते ना!" "राहू दे." दसऱ्याला ती अजून येते, पण कामातलं काही आणत नाही, पकडीशेजारची जागा मात्र तिची आई दरवर्षी मोकळी ठेवते.