एकोणसाठचा घोळ

अंबड रस्त्याला एका बियाणे कंपनीचं चाचणीचं शेत होतं. तिथं मी लेबलं लिहायला होते, रोजंदारीवर. कम्प्युटर अजून यायचे होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी एक बाई तिथं नोंदवह्या सांभाळायची. तिला मी ताई म्हणायचे. नुसतं म्हणायचे नाही, मानायचे. माझ्या डब्यातला पहिला घास तिचा.

एक दिवस साहेबांनी आम्हा दोघींना कोडं घातलं. कपाशीचे पाच वाण, पंचवीस वाफे. आडव्या ओळीत बघा की उभ्या, प्रत्येक वाण एकदाच यायला हवा. प्रत्येक वाफ्याला दोन अंकी नंबर, पण एका वाणाचे दोन नंबर एकाच दशकातले नकोत. शेजारच्या वाफ्यांना लागोपाठचे नंबरही नकोत. बाहेरून तपासायला येणाऱ्यांना कुठला वाण कुठं लावलाय ते बिलकुल ताडता येऊ नये, म्हणून हा खटाटोप. साहेब म्हणाले, "जिला जमेल तिचं नाव कायमच्या जागेसाठी वर पाठवतो." जागा एकच होती. ताईही रोजंदारीवरच होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मला ती जागा हवी होती. रोज सकाळी "आज काम आहे का" विचारत फाटकात उभं राहायचा वीट आला होता.

घरी परातीत ज्वारी, तूर, मूग, मटकी, हरभरा असे दाणे मांडले. एक ओळ जमली की दुसरी बिघडायची. आई ओरडली, "अगं, मी भाकरी थापू का न्हाई आज? परात दे!" शेवटी दर ओळीला दाणे एकेक घर सरकवले आणि वाण बसले. नंबरांनी मात्र चार दिवस डोकं खाल्लं. जमलं तेव्हा मी एकटीच खो खो हसले.

कागद आधी कुणाला दाखवला? ताईलाच. दुसरं होतं कोण! तिनं एकेक वाफा तपासला. "बराबर हाय गं. पण तुझं अक्षर म्हंजे कोंबडीनं माती उकरल्यावानी. दे, मी चांगलं उतरवून साहेबाला देते." मी दिला. वर चहाही पाजला तिला, माझी अक्कल बघा.

दोन दिवसांनी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर तोच आराखडा, सुरेख अक्षरातला, आणि खाली सही तिची. एकटीची. आजही आठवलं की अंगाची लाही होते. साहेब तिला म्हणाले, "बाई, सगळं बरोबर आहे. पण शेवटी नऊ असलेला एकही नंबर नाही. मी तर असं सांगितलं नव्हतं. का सोडलेत?"

ताई कागद न्याहाळायला लागली. ते तिला मी सांगितलंच नव्हतं. मनात म्हटलं, मर आता! मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी लाडानं म्हणाली, "सांग ना गं साहेबाला."

आणि मी सांगितलं. तोंडातून निघूनच गेलं. शेतातून बायका नंबर ओरडून सांगतात. एकोणसाठ म्हटलं की त्यातलं "साठ" कानात बसतं, लिहिणारी आधी सहा काढते, पुढं नऊ, आणि होतात एकोणसत्तर. मी स्वतः दोनदा फसले होते, बोलणी खाल्ली होती. म्हणून एकोणवाले सगळे काढून टाकले.

"वा!" साहेब खूश झाले. "बाई, चांगलं तयार केलंत हिला."

"साहेब, हे मी..." एवढंच निघालं तोंडातून. ताईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"हुशार हाय लेकरू," ती म्हणाली. "एकदा सांगितलं की ध्यानात ठेवतं."