‘फोर पिस्टन्स’मधला ढोलवाला

आमचे हे रिक्षा दुरुस्त करतात. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या पुढे, रस्त्याला लागूनच त्यांची पत्र्याची शेड आहे. खाडीपलीकडच्या आमच्या वाडीतून सकाळी एस.टी.ने जातात आणि संध्याकाळी एस.टी.नेच परत येतात. आल्यावर हात रॉकेलने धुतात, मग साबणाने धुतात, तरी नखांतला काळा रंग काही जात नाही. मग चहा होईपर्यंत पडवीतल्या लोखंडी पेटीवर बसायचं आणि दोन्ही हातांनी ती पेटी बडवायची. बोलणं नाही, चालणं नाही. दिवसभर बालवाडीतल्या चाळीस पोरांचा कलकलाट ऐकून माझं डोकं उठलेलं असतं आणि घरी आले तर हे.

ह्यांचं नाव मोरेश्वर. गावात सगळे मोरू म्हणतात. मी नाव घेत नाही, पण लिहायला बसले आहे तर एकदा घेऊन टाकते.

माझं माहेर मालगुंडचं. लग्न अडुसष्ट साली झालं. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला विचारलं, ‘‘दमयंती, तू ड्रम ऐकलायस कधी?’’ मी म्हटलं, ड्रम म्हणजे पाण्याचा पिंप ना. हे हसले आणि त्या रात्री मला सगळं सांगितलं. पुढे इतक्या वेळा सांगितलं की कुठे थांबणार, कुठे उसासा टाकणार, हे मला पाठ झालं. आता मीच सांगते, म्हणजे निदान लवकर आटपेल.

हे सतराव्या वर्षी मुंबईला गेले. माझगावात एका मोटार गॅरेजमध्ये सुटे भाग धुवायचं काम मिळालं. मालकाचा पुतण्या बेनी ह्यांच्याच वयाचा होता. संध्याकाळी शटर खाली ओढलं की बेनी गिटार काढायचा. गोदीत काम करणारे त्याचे दोन मित्र यायचे, त्यांच्याकडेही गिटार. ताल धरायला कोणी नव्हतं, म्हणून ह्यांनी ग्रीसचे रिकामे डबे उलटे मांडले आणि वाजवायला बसले. गावाकडे लहानपणापासून ढोल वाजवलेला हात, त्याला काय लागतं. महिनाभरात बेनीने कुठून तरी जुना ड्रमसेट पैदा केला आणि चौघांनी आपल्या ग्रुपचं नाव ठेवलं, ‘द फोर पिस्टन्स’.

गाणी सगळी इंग्रजी. त्यातलं ह्यांना ओ की ठो कळायचं नाही. मी एकदा विचारलं, मग वाजवायचात कसं? म्हणाले, ‘‘बेनीच्या पायाकडं बगायचं.’’ ख्रिश्चनांच्या लग्नांत वाजवलं, नाताळच्या नाचाला वाजवलं, दोन-तीनदा लोकांनी पुरे म्हणून बंदही करायला लावलं. लाल शर्ट शिवले होते चौघांनी, सारख्या कापडाचे. केस वाढवले होते. तसा एक फोटो होता म्हणे, तो मी कधी पाहिला नाही, आणि आता ह्यांचं टक्कल बघून ते खरंही वाटत नाही. सगळं मिळून दीड वर्ष चाललं असेल. मग बेनी बोटीवर नोकरीला लागला आणि पिस्टन संपले. इतकीच गोष्ट. पण दीड वर्षाबद्दल माणूस आयुष्यभर किती बोलतं, ते माझ्या कानांना विचारा.

एक भाग मात्र हे सहसा सांगत नाहीत. तो मला गावातल्या बायकांकडून कळला.

आमच्या वाडीत शिमग्याला देवीची पालखी निघते, तेव्हा पुढे वाजणाऱ्या ढोलाचा मान आमच्या घराचा. ढोलाची काठी धरणारा हात ह्याच घरातला असायचा. माझ्या सासऱ्यांना दम्याने धरलं, तसा तो मान ह्यांच्याकडे आला. हे मुंबईला असले तरी शिमग्याला यायचेच. रीत अशी की मानकऱ्याला येणं जमणार नसेल तर त्याने नारळ पाठवायचा आणि आपल्या जागी कोण वाजवील त्याचं नाव सांगायचं. नारळ आला की गाव समजतं, मग कोणी काही बोलत नाही.

सहासष्ट साली नेमक्या पालखीच्याच दिवशी मुंबईत अशा ग्रुपांची स्पर्धा होती. हे गेले नाहीत. आणि नारळही पाठवला नाही. ह्यांना वाटलं, नारळ पाठवला म्हणजे मान सोडल्यासारखं होईल. म्हणून वाडीतला शिवा शिमग्यासाठी बोटीने गावी निघाला होता, त्याच्याबरोबर नुसता निरोप दिला, की ताप आलाय.

आता गावाने काय समजायचं? नारळ नाही, म्हणजे माणूस येणार. ताप उतरेल आणि संध्याकाळपर्यंत पोचेल, असं माझे सासरे सगळ्यांना सांगत राहिले. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी ओट्यावर, सजून बसलेली. भोई खांदा द्यायला तयार. दुपार झाली, उन्हं कलली. सासरे सहाणेच्या पायरीवर वाटेकडे डोळे लावून बसले होते आणि सासूबाई आमच्या अंगणात ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. शेवटी कोणीतरी शिवाला विचारलं, ‘‘ताप लय व्हता काय रं?’’ शिवा बिचारा खोटं बोलायला कच्चा. म्हणाला, ‘‘ताप कसला, त्याचा त्या वाजवायचा हाय ना आज.’’

सासरे उठले, ह्यांचा चुलतभाऊ धाकू याच्या हातात काठी दिली आणि घरी आले. मान त्या दिवशी धाकूच्या घरात गेला. सासरे त्याच श्रावणात वारले. हे मुंबईहून आले तेव्हा अग्नी द्यायचाच उरला होता.

आणि सासूबाई? येसूबाई म्हणजे जिभेची तिखट बाई. मी आमटीत मीठ कमी घातलं, म्हैस उशिरा सोडली, कशावरूनही दिवसभर तोंड चालू. पण त्या शिमग्याबद्दल त्यांनी ह्यांना एक शब्द कधी विचारला नाही. फक्त दर वर्षी पालखी अंगणात यायच्या वेळी ओटीचं ताट माझ्या हातात द्यायचं आणि आपण मागच्या पडवीत जाऊन बसायचं. धाकू अंगणात वाजवतोय, मी देवीची ओटी भरतेय, हे हात जोडून उभे आहेत, आणि ह्यांचं लक्ष सगळं मागच्या दाराकडे. अठरा वर्षं हे असंच. मला दोघांचाही राग यायचा. भांडा, रडा, काय ते एकदा करून टाका. पण नाही.

गेल्या दिवाळीनंतर धाकूभावोजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. त्यांची मुलं मुंबईला, ढोल कोणी शिकलेलं नाही. माघात गुरवाने देवीला कौल लावला, की ढोल परत मोरूच्या घरी द्यायचा काय. फुलाची कळी उजवीकडून पडली. देवीने होकार दिला.

भावोजी स्वतः काठी घेऊन आमच्याकडे आले, डाव्या हातात धरून. ‘‘घे, तुजीच व्हती,’’ म्हणाले. त्यांच्या मनात काही किल्मिष नव्हतं. ह्यांनी काठी घेतली खरी, पण चेहरा असा केला, जणू कोणी दुसऱ्याचं ओझं गळ्यात घातलंय. चहा पिऊन भावोजी गेल्यावर म्हणाले, ‘‘दमयंती, माझ्यात जीव नाय आता. दिवसभर रिक्षांखाली पडून पाठ गेलीय.’’

मी म्हटलं, ‘‘मग नको म्हणून सांगा.’’

जरा वेळाने म्हणाले, ‘‘मी वाजवला, तर आये भायेर येईल काय गो?’’

तेव्हा मला कळलं, ह्या माणसाला ढोल नको होता, मानही नको होता. आईने अंगणात यावं, एवढंच हवं होतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, येतील. मला काय ठाऊक होतं म्हणा, पण दुसरं काय म्हणणार.

महिनाभर रोज संध्याकाळी आंब्याखाली बसून सराव केला. धाकूभावोजी दगडावर बसून चुका सांगायचे. पालखीचा ताल सरळ नसतो. भोई चालतात तेव्हा वेगळा, नाचवतात तेव्हा वेगळा, आणि दारात पालखी टेकताना हळूहळू उतरत आणायचा, म्हणजे भोयांना पाय कुठे टाकायचा ते कळतं. हे थकून यायचे, अर्धे झोपेत वाजवायचे. सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. मी मुद्दाम म्हटलं, ‘‘बरा बसलाय ना हात?’’ तर म्हणाल्या, ‘‘म्हशीला पेंड घातलीस काय?’’

पालखीच्या दिवशी ह्यांनी चांगलं वाजवलं. मी घरीच होते, पण ढोल वाडीतून फिरत जवळ येत होता तो मला ऐकू येत होता आणि कुठे अडखळला नाही. लोक सांगत होते, ह्याचा म्हातारा बाप वाजवायचा तसंच वाजवतोय. पालखी आमच्या आधीच्या घरी पोचली, तशी सासूबाईंनी देवघरातून ओटीचं ताट आणलं, खण-नारळ नीट लावला आणि ताट माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, ‘‘आज तरी तुम्ही भरा.’’ त्या मागच्या पडवीत गेल्या.

पालखी अंगणात आली. भोई नाचवायला लागले. ह्यांनी वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातलं ताट बघितलं, मग मागच्या दाराकडे बघितलं. आता ताल उतरवत आणायचा होता. तेवढ्यात ह्यांचा हात फिरला.

मला एका क्षणात कळलं. लोखंडी पेटीवर मी जे वर्षानुवर्षं ऐकलं होतं, तेच आता ढोलावर वाजत होतं. भोयांचे पाय चुकले. पुढचा टेकवायला वाकला, मागचा अजून नाचवतोय. पालखी कलली, कोणीतरी धावून दांडा धरला. ढोल थांबला. गावचे प्रमुख, म्हातारे गावकर ‘‘मोरू, काय ह्या,’’ म्हणून ओरडले. पालखी पाटावर कशीबशी टेकली. हे गळ्यात ढोल घेऊन मान खाली घालून उभे. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मला वाटलं, आता धाकूभावोजींनी येऊन काठी काढून घ्यावी आणि हे एकदाचं संपावं.

मागचं दार वाजलं. सासूबाई घरातून चालत पुढे आल्या आणि थेट अंगणात उतरल्या. देवीला हात जोडले. मग ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

‘‘ह्या काय वाजिवलास?’’

हे म्हणाले, ‘‘तवाचा हाय, आये. मुंबैचा.’’

‘‘परत वाजीव.’’

गावकरांनी तोंड उघडलं, पण येसूबाईंनी नुसतं बघितलं तसं ते मिटलं. पालखी पाटावर होती, भोई मोकळे होते, रीत कुठे मोडत नव्हती. हे वाजवेनात. त्या म्हणाल्या, ‘‘मी आयकतंय, वाजीव.’’

मग ह्यांनी वाजवलं. मला ह्या तुकड्याची गोष्ट माहीत होती. सहासष्टच्या त्या स्पर्धेत दुसऱ्या गाण्याला, गिटारींचा आवाज मोठा करणाऱ्या बेनीच्या यंत्राचा फ्यूज उडाला. तिन्ही गिटारी मुक्या झाल्या. फ्यूज बदलेपर्यंत हे एकटेच ड्रम वाजवत राहिले आणि सगळा हॉल टाळ्यांनी ताल धरत होता. नंतर बक्षीस कोणा दुसऱ्यालाच मिळालं. पण असं वाजवणं ह्यांना पुढे कधी जमलं नाही, आणि त्याआधीही नव्हतं. आज अंगणात कोणी टाळी वाजवली नाही. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. एका ढोलावर ते सगळं मावतही नव्हतं, निम्मं राहून जात होतं, ते मला कळत होतं आणि ह्यांनाही. तरी शेवटपर्यंत वाजवलं.

सासूबाई हलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, ‘‘येवड्यासाठीच ऱ्हायलास?’’

हे खोटं बोलू शकले असते. नोकरी होती, मालक सोडत नव्हता, काहीही. म्हणाले, ‘‘व्हय गो आये. येवड्यासाठीच.’’

सासूबाईंनी हात वर करून पदराने ह्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. ह्यांच्या डोक्यापर्यंत त्यांचा हात नीट पोचतही नव्हता.

‘‘मंग तवाच तसा सांगाचा व्हतास रं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी समजवला असता तुज्या बापसाला.’’

हे अंगणातच खाली बसले, ढोलासकट, आणि सगळ्या गावासमोर रडले. सासूबाईंनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि देवीची ओटी भरली. पालखी पुढच्या घरी नुसत्या ताशावर गेली.