पुनमच्या मापाचा उखाणा

दोंडाईच्यात ब्लाउज शिवणाऱ्या बाया डझनभर असतील, पण नवरीच्या ब्लाउजसोबत तिचा उखाणाही करून देणाऱ्या एकट्या प्रमिलाबाई. दोन्हींसाठी त्यांचं क्रियापद एकच, बेतणे. कुणी म्हटलं, "अक्का, एक उखाणा लिहून द्या ना," की बाईंचा पारा चढायचा. "लिहून काय द्या? उखाणा बेतावा लागतो! आधी माणूस बघायचा, मग कापड, आणि कात्री सगळ्यात शेवटी. त्याला बेतणं म्हणतात."

एवढा तोरा, आणि तरी पुनमच्या वेळी बाई चुकल्याच. लग्नसराईची घाई होती. साखरपुड्याचं ब्लाउज नेताना पुनमने उखाणा मागितला, तर बाईंनी वहीतला एक तयार उखाणा काढून हातावर ठेवला. नाव सुरुवातीलाच होतं. साखरपुड्यात पोर उभी राहिली आणि "गो... गो..." वरच अडली. लहानपणापासून अडखळायची ती. नवरदेव गोपाल बिचारा मान खाली घालून बसला, पण त्याच्या आत्या-मावश्या पदर तोंडाला लावून खुसखुसल्या.

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा पुनमची आई वच्छलाबाई तिला घेऊन आली. पोरीने एकच धोशा लावला होता, पंगतीत नाव घ्यायला लावणार असतील तर मी जेवायलाच बसणार नाही.

प्रमिलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या तोंडाचं माप न घेताच आपण कापून मोकळ्या झालो! त्यांनी टेप बाजूला ठेवला.

"मला सांग, तू कधी अडखळत नाहीस?"

वच्छलाबाईच बोलली, "बहीणसंगे भांडाले लागनी ते कोनले आयकत नही. तवय एक शब्द अडकत नही!"

"अगं बाई, मग हे आधी नाही का सांगायचं!"

बाईंनी तिथल्या तिथे भांडणाचा उखाणा बेतला, तोही पुनमच्या घरच्या अहिराणीत. नाव मध्यावर टाकलं, म्हणजे तिथवर तोंडाला वेग आलेला असेल. आठ दिवस पोरीकडून घोटून घेतला.

लग्नाच्या पंगतीत घास भरवायची वेळ आली आणि "नाव घ्या, नाव घ्या"चा गलका उठला. पुनम उभी राहिली. ओठ हलले, आवाज नाही. प्रमिलाबाईंच्या हातातला बट्टीचा तुकडा हातातच राहिला. देवा, आजची लाज राख रे! तेवढ्यात त्याच मावश्यांतली एक फिसकन हसली. पुनमने गर्रकन मान वळवली, हात कमरेवर गेला.

"काय हाऊ गलबला लाया, जराशा उग्या बसा,
मी नाव लेस गोपालनं, मंग पोट धरी हसा!"

एका दमात! मांडव हसला, टाळ्या पडल्या, गोपाल तर सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होता. प्रमिलाबाईंनी मोठा श्वास सोडला. वच्छलाबाई पदराने डोळे पुसत होती.

"ऐकू नाही आलं, परत घ्या!" मावशी ओरडली.

"एकदा लिधं ना नाव!" पुनम कडाडली. "कानमा कापूसना बोया घाल्यात का?"

प्रमिलाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. हे काही त्यांनी बेतून दिलेलं नव्हतं.