बाईमाणसाला कसलं व्यसन?

“स्क्वेमस सेल कार्सिनोमा,” असं म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. गाल माझा, आजार माझा, आणि बातमी माझ्या नवऱ्याला. मग मराठीत सांगितलं: गालाच्या आतल्या कातडीचा कॅन्सर, सुरुवातीचा आहे, कापून काढू.

सगळं सुरू झालं दाढदुखीपासून. आम्ही मूळचे सिन्नरकडचे. तिकडे बायका तंबाखू तव्यावर काळी भाजून तिची मशेरी करतात आणि तिनं दात घासतात. मी अंगणवाडीत नोकरी केली, पोटुश्या बायांना तंबाखू वाईट म्हणून सांगितलं. पण मशेरी म्हणजे आमच्या लेखी मंजन. दाढ ठणकली की तीच आणखी दाबून लावायची. तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं.

नाशिकला आमच्या कॉलनीतल्या दाताच्या डॉक्टरांनी रूट कॅनल केलं, म्हणजे दाढेची सडलेली नस काढून पोकळी भरली. दातांवरचा काळा थर मशिननं घासून काढला. तो कशाचा, हे मात्र विचारलं नाही. माझ्या तोंडात कापूस कोंबलेला असताना ह्यांनाच विचारलं, “मॅडमना काही व्यसन?”

“छे हो! बाईमाणसाला कसलं व्यसन?” हे हसले. डॉक्टरही हसले.

खरं तर मला बोलता आलं असतं तरी मीही नाहीच म्हटलं असतं.

पुढे गालात पांढरा चट्टा आला, तिखट झोंबायला लागलं. त्या डॉक्टरांनी “दाढ घासत असेल” म्हणून मलम दिलं. काही महिने ते चोळत बसले. शेवटी दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी ह्यांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, “मावशी, सकाळी दात कशानं घासता?”

इतका साधा प्रश्न! त्यांनीच बायोप्सीला पाठवलं, म्हणजे चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला.

ऑपरेशनमध्ये गालाचा आतला भाग गेला, तिथं मांडीची कातडी लावली. तोंड आता दोन बोटं उघडतं. भाकरी दुधात कुस्करून खाते.

“परत मशेरी लावली तर माझ्याकडे येऊ नका,” असं ऑपरेशनच्या डॉक्टरांनी बजावलं. घरी सून डबे उघडून बघते, हे माझी बोटं हुंगतात. इतकी वर्षं ह्याच घरात तंबाखू भाजली, तेव्हा सगळ्यांची नाकं कुठं होती? भेटायला आलेल्या दोघी म्हणाल्या, “अगं बाई, तुला व्यसन होतं?” दोघींचेही दात काळे.

बायांनो, डॉक्टर विचारोत न विचारोत, मशेरी लावत असाल तर सांगा. तोंडात कापूस असला तर त्यांचा हात बाजूला सारून सांगा.

आणि ती सहज सुटत नाही, हेही ऐका. डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, माणसं नकोशी होतात. मागच्या महिन्यात घरचे चांदवडला लग्नाला गेले आणि मी शेजारणीकडून चिमूटभर मागून आणली. लावली.

घरी सांगायची सोय नव्हती. तपासणीला गेले तेव्हा त्या तरुण डॉक्टर मॅडमना सांगून टाकलं, बोलणी खायच्या तयारीनं.

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “आता परत कधी लावावीशी वाटते?”

“आत्ता.”

बाहेर पेशंट खोळंबले होते. त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

“मग बसा इथंच. तलफ जाईस्तोवर बोलत बसू.”